दोन पोळ्या म्हणजे नेमक्या किती?

[दृश्य : बडोद्याच्या वाडी भागातल्या घराचा ओटा. अन्न व पोषण या विषयाची एक विद्यार्थिनी, हातात वही.]

निवेदन : विद्यार्थिनी विचारते, “काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय खाल्लंत, काकू?”

काकूंचं उत्तर ठरलेलं. “काय वेगळं? नेहमीचंच. वरण-भात, भाजी, दोन पोळ्या.”

पण दोन पोळ्या म्हणजे किती? बडोद्यात हा प्रश्न जरा जास्तच अवघड. शेजारच्या गुजराती घरातला पातळ फुलका आणि आपली घडीची पोळी यांच्या कणकेत बराच फरक. म्हणून विद्यार्थिनी पिशवीतून मापाच्या वाट्या काढते. भाजी यातल्या कोणत्या वाटीएवढी होती? तेलाचा अंदाज तर कुणालाच नसतो. तिथे उलट्या बाजूने विचारायचं : महिन्याला तेल किती लागतं आणि जेवणारी माणसं किती? येता-जाता तोंडात टाकलेला मूठभर लिलो चेवडो, म्हणजे बडोद्याचा ओलसर चिवडा, काकूंना आठवतो तो सगळ्यात शेवटी.

ही २४ तासांच्या आहाराची नोंद. यातला प्रत्येक पदार्थ मग आकड्यांत उतरवायचा. त्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ सालचे तक्ते असतात. ५२८ भारतीय खाद्यपदार्थांत काय किती आहे, ते त्यांत सापडतं.

[दृश्य : प्रयोगशाळा. काचेच्या नळकांड्यांत उकळणारं आम्ल.]

निवेदन : हे आकडे येतात कुठून? प्रथिनांचंच बघा. नमुना तीव्र गंधकाम्लात उकळतात, त्यातला नायट्रोजन मोजतात आणि येणाऱ्या आकड्याला ६.२५ने गुणतात. म्हणजे मोजला जातो नायट्रोजन, प्रथिन नव्हे. चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळणाऱ्यांनी हीच फट हेरली होती. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर, त्यामुळे पाणी घातलेलं दूधही चाचणीत सकस ठरायचं. २००८ साली हे उघड झालं, तोवर हजारो बाळांची मूत्रपिंडं बिघडली होती. ज्यांना रसायनशास्त्र नकोसं वाटतं, त्यांनी अन्न व पोषणाच्या पदवीच्या वाटेला जाण्याआधी दोनदा विचार करावा. इथे पाककृती कमी आणि जीवरसायन जास्त.

[दृश्य : महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा परिसर.]

निवेदन : १९४९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. गृहविज्ञानाची विद्याशाखा त्यांच्याच कारकिर्दीतली. स्वयंपाक शिकायला विद्यापीठ कशाला, हा टोमणा या विषयाने पुष्कळ ऐकला आहे. आता या विद्याशाखेचं नाव फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस असं आहे आणि तिच्यात अन्न व पोषण हा स्वतंत्र विभाग आहे.

[दृश्य : रुग्णालयाचा वॉर्ड, ताटांची गाडी.]

निवेदन : पदवीनंतर काय? डोळ्यांसमोर येतं ते रुग्णालय. मूत्रपिंडाच्या रुग्णाचं पोटॅशियम वाढलं असेल तर बटाटा चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी फेकायला सांगायचं. नाकातल्या नळीतून अन्न जाणाऱ्या रुग्णाचे उष्मांक बसवायचे. बरेच दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम पोटभर दिलं तर रक्तातलं फॉस्फेट घसरून जीवावर बेतू शकतं. तिथे हात आखडताच ठेवायचा. रक्तात लोह कमी असलेल्या बाईला मात्र पोहे सोडायला सांगायचं नाही. लिंबू पिळून खा, चहा तेवढा तासाभराने घ्या, एवढं पुरतं. लिंबातलं ‘क’ जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं, चहातली टॅनिनं ते अडवतात.

[दृश्य : अंगणवाडी. वजनकाटा, रांगेत मुलं.]

निवेदन : आमच्या मते या पदवीचं खरं मोठं मैदान अंगणवाडीकडे आहे, आणि तिथे जायला इच्छुक कमी. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. गुजरातमध्ये लहान मुलांसाठी बालशक्ती, गरोदर आणि स्तनदा मातांसाठी मातृशक्ती अशी पोषक पिठाची पाकिटं घरी दिली जातात. पाकीट घरी पोचलं, पण त्यातलं बाळाच्या पोटात किती गेलं आणि घरातल्या बाकीच्यांनी किती वाटून खाल्लं? हे शोधायला माणूस लागतो, तोही वाट्या घेऊन दारोदार फिरणारा. बालविकास प्रकल्प अधिकारी, पोषण प्रकल्पांवरचे संशोधन साहाय्यक, स्वयंसेवी संस्थांतले समन्वयक, ही इथली पदं.

बाकीच्या वाटा झटपट सांगतो. खाद्यउद्योगात वेष्टनावरची माहिती आणि नव्या पदार्थांची घडण. खेळाडूंचा आहार. नेट ही पात्रता परीक्षा देऊन प्राध्यापकी. स्वतःचं क्लिनिकही काढता येतं, पण शेजारीच फोनवर डाएट विकणारा कुणी ‘कोच’ बसलेला असतो. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याने आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ यांना आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत जागा दिली, हा मोठाच आधार.

[दृश्य : प्रवेशाच्या दिवसांत विभागाबाहेर पालक.]

निवेदन : पालक पगार विचारतात. सुरुवातीला तो बेताचाच असतो, विशेषतः लहान खाजगी रुग्णालयांत. पुढे तो वाढवायचा तर पदव्युत्तर शिक्षण आणि नोंदणीकृत आहारतज्ज्ञाची परीक्षा, दोन्ही धरून चालावं. त्या परीक्षेसाठी रुग्णालयातली इंटर्नशिप लागते. तेव्हा प्रवेश घेतानाच विभागात विचारा : इंटर्नशिप कुठे मिळते, आणि वॉर्डात राउंड घ्यायला मिळतात की नुसती ताटं मोजायला?