माणसं टिकत का नाहीत?

श्रोतेहो, नमस्कार.

छोटा धंदा चालवणाऱ्या माणसाला "काय म्हणतोय धंदा?" असं विचारलं, की पूर्वी तो मंदीचं रडगाणं गायचा, नाहीतर उधारीचं. आता पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "काम आहे हो, माणसं नाहीत." दुकान असो, गॅरेज असो, छापखाना असो, दवाखाना असो की दोन खोल्यांतली सॉफ्टवेअर कंपनी, तक्रार एकच. आणि दुसरं वाक्य बहुधा असं असतं: "आहेत त्यांना काम नको." या दुसऱ्या वाक्यावर मी वेळ घालवणार नाही. प्रत्येक पिढीनं पुढच्या पिढीला आळशी ठरवलंय आणि तरीही जगाची कामं होत आलीत. पहिल्या वाक्यात मात्र तथ्य आहे. आज त्याचाच थोडा हिशेब मांडू.

माणसं कमी पडण्याची काही कारणं मालकाच्या हातात नसतात, हे आधी मान्य करायला हवं. जपानमध्ये 15 ते 64 या कामाच्या वयातल्या लोकांची संख्या 1990च्या दशकाच्या मध्यापासून घटत चालली आहे. तिथल्या एखाद्या लहान कारखान्याला माणूस मिळत नसेल, तर त्यात कारखानदाराचा काय दोष? पण जिथे तरुणांची वानवा नाही तिथेही हीच तक्रार ऐकू येते. म्हणजे नुसत्या संख्येनं उत्तर मिळत नाही. कुठे किती पगार आहे, हे पूर्वी ओळखीपाळखीतून कळायचं, आता फोनमध्ये दिसतं. ॲपवरची कामं आली. त्यांत भविष्य नाही म्हणा, सुरक्षितता नाही म्हणा, पण आज काम करायचं की नाही हे माणूस स्वतः ठरवतो, आणि या गोष्टीची किंमत आपण कमी लेखतो. करोनानंतर 2021 या एका वर्षात अमेरिकेत 4 कोटी 70 लाखांहून जास्त वेळा लोकांनी आपणहून नोकऱ्या सोडल्या. हॉटेलं आणि खाणावळींच्या क्षेत्रात हे प्रमाण सर्वांत जास्त होतं. यातले बरेचसे घरी बसले नाहीत, ते दुसरीकडे जाऊन रुजू झाले.

इथे मला मुद्दा दिसतो तो असा. मालक भरतीचा विचार करतो, गळतीचा करत नाही. वर्षात चार माणसं घेतली हे त्याला आठवतं, कारण त्यासाठी जाहिरात दिली, मुलाखती घेतल्या, ओळखीच्यांना फोन केले. चार गेली ती का गेली, याची नोंद कुठेच नसते. "त्याला दुसरीकडे जास्त मिळाले" एवढ्यावर विषय संपतो.

या बाबतीत एक जुनी गोष्ट सांगण्याजोगी आहे. 1913 साली अमेरिकेत फोर्ड मोटर कंपनीच्या हायलंड पार्कच्या कारखान्यात फिरत्या पट्ट्यावर गाडी जोडायला सुरुवात झाली. काम वेगानं व्हायला लागलं आणि माणसं तेवढ्याच वेगानं पळायला लागली. सुमारे 14 हजार जागा भरलेल्या ठेवण्यासाठी त्या एका वर्षात 52 हजारांवर माणसं घ्यावी लागली. गळतीचं प्रमाण 370 टक्के! 5 जानेवारी 1914 रोजी हेन्री फोर्डनं जाहीर केलं की दिवसाला पाच डॉलर मिळतील आणि दिवस नऊ तासांऐवजी आठ तासांचा असेल. दिवसाची मजुरी जवळजवळ दुप्पट झाली. 1915 पर्यंत गळती 16 टक्क्यांवर आली. व्यवस्थापन शिकवणारे ही गोष्ट हमखास सांगतात. मात्र त्या पाच डॉलरना अटी होत्या आणि कंपनीची माणसं कामगाराच्या घरी जाऊन तो कसा राहतो, बचत करतो का, हे तपासत, एवढं सांगायचं ते विसरतात.

पण लहान धंदेवाला ही गोष्ट ऐकून काय म्हणेल? "फोर्डला परवडलं, मला कुठे परवडतंय पगार दुप्पट करायला?" बरोबर आहे त्याचं. म्हणून मला त्या जानेवारीपेक्षा आधीचा ऑक्टोबर जास्त महत्त्वाचा वाटतो. फोर्डमध्येच जॉन ली नावाचे एक अधिकारी होते. इतकी माणसं का जातात, याचा त्यांनी कारखान्यात शिरून शोध घेतला. त्यांना दिसलं की मजुरीचे दर डझनावारी आहेत, एकाच कामाला शेजारशेजारचे दोघं वेगळा रोज घेतात, आणि कुणाला ठेवायचं, कुणाला हाकलायचं हे मुकादमाच्या मर्जीवर आहे. 1913च्या ऑक्टोबरात त्यांनी तीन गोष्टी केल्या. दरांचा तो गुंता सोडवून कौशल्यानुसार मोजक्या श्रेणी केल्या. माणसाला कामावरून काढून टाकण्याचा मुकादमाचा अधिकार काढून घेतला. एका खात्यात ज्याचं जमत नाही त्याला दुसऱ्या खात्यात घालून बघायची सोय केली. सोबत थोडी पगारवाढही होती. गळती किती कशामुळे थांबली याची नेमकी वाटणी करता येणार नाही. पाच डॉलरचा वाटा मोठाच असणार. पण लींनी जे केलं त्यातलं बरंचसं करायला तिजोरी लागत नाही.

आता हे आपल्या दहा-पंधरा माणसांच्या धंद्याला लावून बघा. पगार कसा ठरतो? ज्यानं मागितला त्याला वाढला. जो गप्प बसला तो जुन्याच आकड्यावर राहिला. त्यात बाजार तापला, की नवा माणूस आणताना मालक नाइलाजानं चढा पगार कबूल करतो, आणि सहा वर्षं इमानेइतबारे काम केलेल्याच्या बरोबरीनं किंवा त्याच्या वर तो नवखा येऊन बसतो. मालकाला वाटतं, हे कुणाला कळणार नाही. पहिल्या चहाच्या सुट्टीत कळतं. मग जुना माणूस भांडत नाही, फक्त बाहेर चौकशी सुरू करतो. तो गेला की मालक म्हणतो, "इतकी वर्षं घरच्यासारखा वागवला, आणि बघा!" घरच्यासारखा वागवला यात शंका नाही, पण पगार मात्र परक्यापेक्षा कमी दिला.

घरच्यावरून आठवलं. अनेक कौटुंबिक धंद्यांत वरच्या जागा आधीच वाटून झालेल्या असतात. भाचा शिकून येईल आणि केबिनमध्ये बसेल, हे सगळ्यांना माहीत असतं. भाच्यानं बसावं, त्याला माझी ना नाही. पण मग बाहेरच्या हुशार माणसाला "तुझं इथे काय होणार" याचं काहीतरी उत्तर द्यावं लागेल. ते नसेल तर त्यानं दोन वर्षांत शिकून जावं, हे त्याच्या बाजूनं शहाणपणाचंच आहे.

मुकादमाचा प्रश्नही अजून तसाच आहे, फक्त त्याला आता सुपरवायझर किंवा मॅनेजर म्हणतात. सर्वांत चांगलं काम करणाऱ्याला इतरांचा प्रमुख करायचं, ही आपली सरळ रीत. अर्थशास्त्रज्ञ ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली श्यू यांनी अमेरिकेतल्या विक्री प्रतिनिधींच्या नोंदी तपासून 2019 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असं आढळलं, की बढती मिळण्यापूर्वी ज्यांची स्वतःची विक्री जास्त होती, त्यांच्या हाताखालच्या लोकांची कामगिरी उलट घसरत होती. विकणं वेगळं, विकायला शिकवणं वेगळं. लहान जागी याचा फटका दुहेरी बसतो: उत्तम कारागीर हातचा जातो आणि वाईट साहेब पदरात पडतो. त्याला परत कारागिरीकडे पाठवायचं म्हटलं तर त्याची मानहानी. म्हणून पगार वाढवण्याचा एकमेव रस्ता साहेब होणं हाच असू नये. पक्का कारागीर कारागीर राहूनही वर चढू शकला पाहिजे.

बरं, पैशाखालोखाल माणूस कशानं वैतागत असेल, तर वेळेच्या बेभरवशानं. उद्या कितीला यायचं हे आज रात्री कळतं. सुट्टी कबूल केलेली असते आणि सकाळी फोन येतो, "अमका आला नाही, तू ये." ज्याच्या घरी लहान मूल आहे, म्हातारी माणसं आहेत, जो संध्याकाळी शिकायला जातो, त्याच्यासाठी अशी नोकरी करणं रोजची कसरत होऊन बसते. 'गॅप' या कपड्यांच्या साखळीच्या सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो भागातल्या दुकानांत एक प्रयोग झाला. काही दुकानांत पाळ्यांच्या वेळा जास्त स्थिर केल्या, आपसांत पाळी बदलून घेणं सोपं केलं, काही जणांना आठवड्याचे ठरावीक तास मिळतील असं बघितलं. 2018 साली निष्कर्ष आले, तेव्हा त्या दुकानांची विक्री साधारण 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली. कारण समजायला अवघड नाही. कामाला सरावलेले लोक काउंटरवर टिकले. गिऱ्हाइकानं विचारलं तर माल कुठे आहे हे त्यांना माहीत होतं. पुढच्या दोन आठवड्यांचं वेळापत्रक भिंतीवर लावणं, हे मालकाला बांधून घेतल्यासारखं वाटतं. ऐनवेळी ऑर्डर येते, मान्य. पण दर आठवड्याला येणाऱ्या ऑर्डरीला ऐनवेळची म्हणत नाहीत.

माणूस निवडण्याबद्दल थोडक्यात. आपण मुलाखत म्हणतो ती पुष्कळदा नुसती गप्पांची बैठक असते, आणि आपल्यासारखं बोलणारा माणूस आपल्याला आवडून जातो. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी 85 वर्षांच्या संशोधनाचा आढावा 1998 मध्ये मांडला. किती वर्षांचा अनुभव आहे, यावरून माणूस पुढे कसं काम करेल याचा फारसा अंदाज बांधता येत नाही, असं त्यात दिसलं. प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणं आणि सगळ्या उमेदवारांना तेच ठरवलेले प्रश्न विचारणं, यांतून अंदाज बराच चांगला येतो. तेव्हा "किमान पाच वर्षांचा अनुभव हवा" ही ओळ जाहिरातीतून काढली, तर येणाऱ्यांची रांग थोडी लांब होईल. मात्र नमुन्याच्या नावाखाली दिवसभर फुकट राबवून घेणं वेगळं. त्या दिवसाचा रोज द्यायचा.

आणि आलेला माणूस पहिल्या काही आठवड्यांत काय बघतो? बहुतेक ठिकाणी त्याला "त्याच्याबरोबर राहा, कळेल हळूहळू" असं सांगतात. ज्याच्याबरोबर राहायचं, तो स्वतःच्या कामानं बेजार झालेला. नवख्याला हत्यारं कुठे ठेवतात हे ठाऊक नाही, कुणाला काय विचारायचं ठाऊक नाही, चुकलं की सगळ्यांसमोर बोलणी बसतात. अशानं महिन्याच्या आत येणं बंद झालं, की आपण "पोरगं टिकलं नाही" म्हणतो. पण ज्याला शिकवायला सांगितलं त्याचं रोजचं काम तेवढ्यापुरतं कमी केलं होतं का?

यामागे आणखी एक अडचण असते. लहान धंद्यातलं ज्ञान कागदावर नसतं, एखाद्या जुन्या माणसाच्या डोक्यात असतं. कोणतं मशीन कधी रुसतं, कोणता पुरवठादार उशीर करतो, कोणत्या गिऱ्हाइकाला काय चालत नाही. असा एकखांबी तंबू मालकाला सोयीचा वाटतो, खांबालाही आपलं महत्त्व आवडतं, पण त्याला रजा मिळत नाही, आजारी पडायची सोय राहत नाही. एक जण गेला की त्याचं काम उरलेल्यांवर येतं, ते थकतात, मग त्यांतला आणखी एक जातो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये आजारांच्या आपल्या वर्गीकरणात कामातून येणाऱ्या या थकव्याची नोंद घेताना त्याला रोग म्हटलं नाही. कामाच्या जागी सतत साचणाऱ्या आणि नीट न हाताळलेल्या ताणाचा तो परिणाम आहे, असं म्हटलं. म्हणजे उपाय औषधाच्या दुकानात सापडणार नाही.

छळाचा विषय लहान जागी बोलायला सर्वांत अवघड. मोठ्या कंपनीत तक्रार घेऊन जायला एखादं खातं असतं. इथे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, तोच कदाचित मालकाचा उजवा हात असतो, किंवा खुद्द मालक. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं 2019 मध्ये हिंसा आणि छळाविरुद्धचा करार केला. त्यात कामाशी संबंधित फोन आणि संदेशांतून होणारा त्रास धरला आहे, आणि गिऱ्हाइकासारख्या बाहेरच्या माणसाकडून होणारा त्रासही विचारात घेतला आहे. हे शेवटचं लहान व्यावसायिकानं ध्यानात ठेवावं. गिऱ्हाईक देव असेल, पण त्यानं काउंटरवरच्या मुलीला वाटेल ते बोलावं आणि मालकानं मान खाली घालून पैसे मोजावेत, हे बाकीचे सगळे कर्मचारी बघत असतात.

शेवटी पगाराकडे यावंच लागतं. वर सांगितलेलं सगळं केलं तरी पगार अपुरा असेल, तर माणूस जाणारच, आणि त्यानं जावं. "परवडत नाही" असं मालक म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. पण त्याच्या हिशेबात एक आकडा नसतो: त्याचा स्वतःचा पगार. तो बारा तास राबतो, बायको बिलं करते, मुलगा सुट्टीत माल पोचवण्याची कामं करतो, आणि यातलं काहीच वहीत येत नाही. तीन माणसांची फुकट मेहनत धरून मालाचा भाव ठरलेला असतो. त्या भावात बाहेरच्या माणसाला पुरेसा पगार बसेलच कसा? तेव्हा या महिन्याच्या हिशेबात घरातल्या प्रत्येकाचे तास लिहून, बाहेरून माणूस आणला असता तर किती द्यावे लागले असते, तो आकडा त्यांच्यापुढे घालून बघा. तोटा दिसला, तर भाव वाढवायचा, एखादी सेवा बंद करायची, की गाळा रात्री दोन तास आधी बंद करायचा, एवढाच निर्णय उरतो. नवीन जाहिरात देण्याआधी तो घेतलेला बरा.

नमस्कार.