पहिली नव्वद सेकंदं

(दृश्य: अंधारलेली खोली. टीव्हीच्या पडद्यावर पोस्टरांच्या रांगा एकेक करून उमटतात.)

रात्रीचे साडेनऊ. जेवणं उरकली आहेत. टीव्हीवर नवं अ‍ॅप टाकलंय, पैसेही भरून झालेत. रिमोट हातात घेऊन घरातलं कोणीतरी विचारतं, "काय लावू?"

इथून पुढे घड्याळ चालू होतं. नेटफ्लिक्सच्या शिफारस-यंत्रणेवर २०१५ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लिहिणारे कंपनीतलेच. त्यांचा हिशेब असा: साठ ते नव्वद सेकंदांत माणसाचा उत्साह ओसरतो. तेवढ्यात तो दहा ते वीस नावांवरून नजर फिरवतो आणि फार तर तीन नावांकडे नीट बघतो. हाताला काही लागलं नाही, तर तो उठून जाण्याची शक्यता बरीच वाढते.

जुन्या ग्राहकाचं ठीक आहे, त्याची आवड नोंदलेली असते. नव्याबद्दल मात्र अ‍ॅपला काहीच ठाऊक नसतं. या धंद्यात त्याला 'कोल्ड स्टार्ट' म्हणतात, थंड इंजिन पहाटे सुरू करावं तसं. म्हणून प्रोफाइल उघडताच नेटफ्लिक्स आवडीची काही नावं निवडायला सांगतं. इथे माणूस थोडा मिरवतो. बघतो एक आणि निवडतो दुसरंच, जरा भारदस्त वाटणारं. ही पायरी गाळली तर बऱ्याच जणांना आवडलेल्या, पण वेगवेगळ्या प्रकारच्या कार्यक्रमांची सरमिसळ पुढ्यात येते. आणि निवडलं काय, गाळलं काय, तुम्ही प्रत्यक्ष बघायला लागलात की सुरुवातीची निवड मागे पडते. तोंडाने सांगितलेल्या आवडीपेक्षा रिमोटने दिलेल्या साक्षीला वजन जास्त.

आता मांडणी बघा. सर्वात खात्रीची रांग सगळ्यात वर, आणि प्रत्येक रांगेतलं सर्वात खात्रीचं नाव डावीकडे. म्हणजे वरचा डावा कोपरा हा बाजारातला नाक्यावरचा गाळा. खाली चाळिसाव्या रांगेपर्यंत कोण जातंय?

(दृश्य: एकच पोस्टर पडदाभर. मग ते लहान होत होत मोबाइलवरच्या चौकटीएवढं होतं.)

पण खरी लढाई चित्राची आहे. नेटफ्लिक्सने २०१६ साली जाहीर केलेल्या निरीक्षणानुसार, चाळताना प्रेक्षकाचं ८२ टक्क्यांहून जास्त लक्ष चित्रावर असतं आणि एका नावावर तो सरासरी १.८ सेकंद थांबतो. पावणेदोन सेकंदांत कथासार कोण वाचणार?

चित्र निवडणं हे किचकट काम. व्हिडिओ म्हणजे एकामागोमाग सरकणारी स्थिर चित्रं, म्हणजेच चौकटी. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर तासाभराच्या भागात ८६,४०० चौकटी होतात. त्यातून डोळे मिटलेल्या, हललेल्या, अंधारलेल्या चौकटी सॉफ्टवेअर गाळतं आणि उरलेल्यांतून माणसं निवडतात. चेहऱ्यावर गुंतागुंतीचा भाव असेल तर चित्र चालतं; तीनपेक्षा जास्त माणसं आली की त्याची ओढ कमी होते. आपल्याकडे मराठी सिनेमाच्या पोस्टरवर आजोबांपासून नातवापर्यंत सगळी फौज उभी करायची हौस फार. थिएटरबाहेरच्या फलकावर ते शोभतं. मोबाइलवर मात्र एकेक चेहरा तुरीच्या दाण्याएवढा होतो आणि कोणीच ओळखू येत नाही.

एक उदाहरण जवळून बघू. गोल्फ खेळणाऱ्या लहान मुलांवरचा एक माहितीपट होता. मूळ चित्रावरून तो मुलांविषयी आहे हेच कळत नव्हतं. चित्रं बदलून वेगवेगळ्या गटांना दाखवली, तेव्हा एका नव्या चित्रामुळे तो लावून बघणाऱ्यांचं प्रमाण १४ टक्क्यांनी वाढलं. माहितीपट तोच होता, त्यात काडीचाही बदल नव्हता.

मग भडक, खोटं चित्र लावून का मोकळं होत नाहीत? कारण ते उलटतं. प्रेक्षक दाबतो, मिनिटभर बघतो, फसलो म्हणून बंद करतो. आणि तेवढ्यात त्याची नव्वद सेकंदं खर्च झालेली असतात. म्हणून नुसते क्लिक मोजून भागत नाही. किती वेळ बघितलं आणि किती जण लगेच बाहेर पडले, हेही मोजावं लागतं.

२०१७पासून हीच चित्रं माणसागणिक बदलू लागली. प्रेमकथा बघणाऱ्याला जोडी दिसते, तोच सिनेमा विनोद आवडणाऱ्याला विनोदी नटाच्या चेहऱ्यासकट दिसतो. नवख्याचा इतिहास नसतो, त्यामुळे त्याच्या वाट्याला बहुतेकांना भावलेलं चित्र येतं.

(दृश्य: पडद्यावर फिरणारं गोल चिन्ह.)

एवढं करून दाबलं आणि हे चक्र फिरत राहिलं, तर सगळं पाण्यात. अकामाई ही इंटरनेटवरून व्हिडिओ घरोघरी पोहोचवणारी कंपनी. २०१२ साली तिच्या जाळ्यावरून २ कोटी ३० लाख वेळा व्हिडिओ लावले गेले, त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हिडिओ सुरू व्हायला दोन सेकंदांहून जास्त लागली की लोक निघायला लागतात, आणि पुढच्या प्रत्येक सेकंदाला ५.८ टक्के जास्त लोक जातात. त्यावरचा तोडगा व्हिडिओच्या रचनेतच आहे. तो काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलेला असतो आणि प्रत्येक तुकडा कमी-जास्त दर्जात तयार ठेवलेला असतो. आधी हलका तुकडा पाठवायचा, मग वेग बघून दर्जा चढवायचा. सुरुवातीचं चित्र जरा धूसर दिसतं ते बहुधा यामुळे, टीव्हीला दोष देऊ नका.

क्रिकेटवाल्यांचा खाक्या वेगळा. तिथे चित्र निवडायची गरजच नाही, सामना हेच आमिष. २०२३चं आयपीएल जिओसिनेमाने फुकट दाखवलं, तेही मराठीसह १२ भाषांतल्या समालोचनासकट. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला, विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी प्रेक्षक होते. मोबाइलवर तिथेही पैसे नव्हते. सामना संपला तरी अ‍ॅप फोनमध्ये राहतं, आणि खरी कसोटी दुसऱ्या दिवशी लागते, जेव्हा सामना नसतो.

(दृश्य: रिमोट. पोस्टरवर क्षणभर थांबताच झलक आपोआप, आवाजासकट सुरू होते.)

ही झलक अनेकांना नकोशी वाटते. नेटफ्लिक्सने फेब्रुवारी २०२०मध्ये ती बंद करायची सोय दिली. खात्यात जाऊन आपलं प्रोफाइल निवडायचं, प्लेबॅक सेटिंग उघडायचं आणि झलक आपोआप सुरू होण्यापुढची खूण काढायची. हे प्रत्येक प्रोफाइलला वेगळं करावं लागतं.

प्रोफाइलही पहिल्याच दिवशी वेगवेगळी करावीत. एका खात्यात पाच होतात. आजी, बाबा आणि शाळकरी पोरगी एकाच प्रोफाइलवर बघू लागले, तर कोणाच्याच आवडीचा पत्ता लागत नाही. पाहुण्यांच्या पोराने तासभर कार्टून लावलं असेल, तर पाहिलेल्या कार्यक्रमांच्या यादीतून ते लपवता येतं. मात्र सगळ्या टीव्ही-मोबाइलवरून ते जायला चोवीस तासांपर्यंत लागतात. पाहुणे गेले तरी तोवर वरच्या डाव्या कोपऱ्यात कार्टूनच.