रूढी, ठराव, मनाईहुकूम: कोकणाच्या किनाऱ्यावरून कायद्याची ओळख

(दृश्य: हर्णै बंदर, जुलै महिना. वर ओढून शाकारलेल्या नौका.)

जुलैत हर्णैला आलात तर मासळीच्या लिलावाचा गलका ऐकू येणार नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. ही बंदी घातली कोणी? कागद मागितलात तर राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे आणि त्याखाली निघणारा शासनाचा आदेश आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत हा आदेश चालतो, त्यापुढच्या समुद्रासाठी केंद्र सरकार वेगळा आदेश काढतं. पण दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटायची नाही, हे कोळीवाड्यांत या कायद्याच्या कितीतरी आधीपासून पाळलं जातं. नारळी पौर्णिमा येते ऑगस्टात. म्हणजे १ ऑगस्टला सरकारची बंदी उठलेली असते, रूढीची नसते. त्या मधल्या दिवसांत कोणी बोट काढली, तर वाडीतले चार जण बोलतील. मत्स्यव्यवसाय खात्याला मात्र त्या कारणासाठी दंड करता येणार नाही.

कायदा एकाच ठिकाणाहून येत नाही, हे इथे सरळ दिसतं. विधिमंडळ तो करतं, सरकार नियम आणि अधिसूचना काढतं, न्यायालय निकाल देतं, आणि लोकांची वहिवाट तर आधीपासून असतेच. यात कठीण प्रश्न एकच: दोघांचं जुळलं नाही तर ऐकायचं कोणाचं?

मुंबई इलाख्यात याचं उत्तर एका कलमात लिहून ठेवलं होतं. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना १८२७ साली जी नियमावली झाली, तिच्यातल्या चौथ्या रेग्युलेशनचं कलम २६. आधी ब्रिटिश पार्लमेंटचे कायदे आणि सरकारचे नियम. ते नसतील तर त्या मुलखातली वहिवाट. तीही सापडली नाही तर प्रतिवादीचा कायदा. आणि यातलं काहीच नसेल तर न्याय, समता आणि सद्सद्विवेक. पाहा, रूढीला केवढा मानाचा पाट मिळाला: सरकारी नियमाच्या लगेच खालचा. शंभर वर्षांनी, याच कोकणात, एका तळ्याच्या काठी त्या पाटाची परीक्षा झाली.

(दृश्य: महाड. चवदार तळं, पायऱ्या, चारी बाजूंची घरं.)

सार्वजनिक पैशांतून बांधलेले किंवा राखलेले पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुले असावेत, असा ठराव सीताराम केशव बोले यांनी १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडला आणि तो मंजूर झाला. मात्र ठराव म्हणजे कायदा नव्हे. ठराव शिफारस करतो; मोडला म्हणून कोणाला शिक्षा होत नाही. महाड नगरपालिकेने पुढच्या वर्षी तळं खुलं केल्याचा आपला ठराव केला. तरी तळ्यावर घागर भरायला कोणी जाऊ शकत नव्हतं. कागद एकीकडे, वहिवाट दुसरीकडे.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेला आलेल्या हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. मग मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, आणि ऑगस्टात नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा काही सवर्ण रहिवासी दिवाणी न्यायालयात गेले. तळं आमचं आहे, आणि अस्पृश्यांनी तिथे न येण्याची रूढी पुरातन आहे, असा त्यांचा दावा. न्यायालयाने तात्पुरता मनाईहुकूम दिला.

त्या डिसेंबरातल्या घटना शेजारी-शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. २५ तारखेला महाडच्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली. जन्मावरून हक्क ठरवणारा तो ग्रंथ आम्हाला कायदा म्हणून मान्य नाही, हे जाहीरपणे सांगितलं गेलं. आणि त्याच परिषदेत, बऱ्याच चर्चेनंतर, दिवाणी न्यायालयाचा मनाईहुकूम मात्र पाळायचं ठरलं. लोक तळ्याभोवती फिरून आले, पाण्याला हात लावला नाही. बॅरिस्टर आंबेडकरांना लढाई न्यायालयातही जिंकायची होती.

ती जिंकायला जवळपास दहा वर्षं गेली. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. पीठावर होते न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड. १९२२ मध्ये अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश हेच. रूढी कायदा म्हणून उभी राहायची तर ती अतिप्राचीन असावी लागते, अखंड आणि निश्चित असावी लागते, वाजवीही असावी लागते. इंग्लंडात तर ‘अतिप्राचीन’ याची रेघ ११८९ सालावर, म्हणजे पहिल्या रिचर्डच्या राज्यारोहणावर ओढलेली आहे. महाडच्या वादींना आपली वहिवाट अतिप्राचीन असल्याचं सिद्ध करता आलं नाही. त्यांचं अपील फेटाळलं गेलं.

तळं खुलं झालं, पण कशामुळे, हे नीट पाहायला हवं. अस्पृश्यता अन्याय आहे, असं या निकालाने ठरवलेलं नाही. वादींचा पुरावा तोकडा पडला, एवढंच. दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या तळ्यावर कोणी भक्कम पुरावा आणला असता तर? रूढीशी रूढीच्याच नियमांनी लढून हा धोका टळणारा नव्हता. तिच्या वर काहीतरी हवं होतं.

ते १९५० मध्ये संविधानाच्या रूपाने आलं. मसुदा समितीचे अध्यक्ष होते महाडच्या दाव्यातले प्रतिवादी, डॉ. आंबेडकर. संविधानाचा अनुच्छेद १३ ‘कायदा’ या शब्दात रूढी आणि परिपाठही धरतो, आणि मूलभूत हक्कांशी विसंगत असेल ते सारं शून्य ठरवतो. म्हणजे रूढी किती जुनी, हा प्रश्नच तिथे उरत नाही. अनुच्छेद १५ मध्ये विहिरी आणि तलावांचा नावानिशी उल्लेख आहे. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, आणि तिच्यासाठी शिक्षा सांगणारा कायदा १९५५ मध्ये संसदेने केला.

(दृश्य: तेरेखोलची खाडी, आरोंदा–किरणपाणी पूल.)

आता दक्षिणेला, सिंधुदुर्गाच्या टोकाला. हा पूल ओलांडला की गोवा. तेरेखोलचा किल्ला तेवढा अलीकडच्या, उत्तर काठावर असूनही गोव्याचा. सरहद्द दर वेळी नदीचं ऐकतेच असं नाही.

आरोंद्यातला हिंदू माणूस स्वतः कमावलेली सगळी मालमत्ता मृत्युपत्राने हव्या त्या व्यक्तीला देऊ शकतो. गोव्याच्या कायद्याखालच्या माणसाला, मुलं असतील तर, निम्म्यापलीकडे तसं करता येत नाही. निम्मा वाटा त्यांचा राखीव. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक, दोघांची निम्मी-निम्मी, मग धर्म कोणताही असो. याचं मूळ १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहे. ती रोमन कायद्यावर वाढलेल्या युरोपीय परंपरेतली. त्या परंपरेत आधी संहिता, मग न्यायाधीश. इंग्रजी परंपरेत न्यायाधीशांच्या निकालांतूनही कायदा वाढत जातो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक आहे, तो याच वळणाचा.

पोर्तुगीज गेले १९६१ मध्ये. मग त्यांची संहिता चालली कशी? १९६२ मध्ये संसदेने कायदा करून गोव्यातले आधीचे कायदे बदल होईपर्यंत चालू ठेवले. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं: मूळ परकं असलं तरी भारतीय संसदेने ठेवून घेतल्यामुळे ही संहिता आता भारतीय कायद्याचाच भाग आहे. तिच्यातला वारसाहक्काचा भाग तर गोवा विधानसभेने २०१२ च्या स्वतःच्या कायद्याने नव्याने लिहिला. मुलांचा निम्मा वाटा त्यातही कायम ठेवला आहे.