माळावरचा वीजप्रकल्प कुठे संपतो?

नमस्कार मंडळी. सौरप्रकल्पाचा अहवाल उघडला की सुरुवातीलाच क्षेत्रफळ दिसते. एका मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर, म्हणजे शंभर मेगावॅटला चारशे-पाचशे एकर माळ. वन्यजीवांचे नुकसानही मग याच एकरांत मोजतात, आणि गफलत तिथेच होते. कुंपणापाशी प्रकल्प संपत नाही. ३३ केव्हीच्या (किलोव्होल्ट, म्हणजे विजेच्या दाबाचे माप) तारा उपकेंद्रापर्यंत जातात, तिथून २२० किंवा ४०० केव्हीची वाहिनी कित्येक किलोमीटर माळ कापत जाते. माळढोक हा मोकळ्या माळावर राहणारा मोठा, दुर्मीळ पक्षी; उरल्यासुरल्या माळढोकांना आज सर्वांत मोठा धोका आहे तो या तारांचा.

भारतीय वन्यजीव संस्थेने २०१८ मध्ये थरच्या वाळवंटातल्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर क्षेत्राचा अंदाज मांडला: तारांमुळे वर्षाला सुमारे ८४ हजार पक्षी मरतात, आणि त्यांत १८ च्या आसपास माळढोक असावेत. त्या वेळी देशभरात माळढोक उरले होते जेमतेम दीडशे. मादी एका वेळी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. इतक्या धीम्या गतीने वाढणारी जात अशी घट भरून काढू शकत नाही.

तार दिसत कशी नाही, असा प्रश्न लोक विचारतात. नर माळढोकाचे वजन १५ किलोपर्यंत जाते, त्यामुळे त्याला ऐनवेळी वळता येत नाही. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने समोरचे थोडेच दिसते. माळढोक ज्या कुळातला, त्या बस्टर्ड कुळातल्या पक्ष्यांच्या दृष्टिक्षेत्राची मोजणी झाली आहे: उडताना खालची जमीन न्याहाळायला डोके सुमारे २५ अंश झुकले, की उडण्याच्या दिशेला त्यांना काहीच दिसत नाही. त्यातही मनोऱ्याच्या माथ्यावरची अर्थ वायर सर्वांत घातक. ती वीज पडण्यापासून संरक्षणासाठी असते आणि वीजवाहक तारांपेक्षा बारीक असते. पक्षी जाड तारा पाहून वर उठतो आणि नेमका या बारीक तारेवर आदळतो.

यावर उपाय म्हणून तारांना फिरत्या, चमकणाऱ्या चकत्या लावतात, त्यांना बर्ड डायव्हर्टर म्हणतात. त्या अर्थ वायरवर हव्यात, ठरलेल्या अंतराने हव्यात, आणि पडल्या की बदलायला हव्यात. प्रत्यक्षात वाऱ्याने क्लॅम्प सैल होतात, धुळीने चकती अडकते, उन्हाने चमक उतरते. दुरुस्तीसाठी वाहिनी बंद करावी लागते, म्हणून ते काम लांबत जाते. शिवाय चकत्या जागच्या जागी असल्या तरी त्यांना मर्यादा आहे. दक्षिण आफ्रिकेत कारू भागात मोठा प्रयोग झाला. तारांना अशा खुणा लावल्यावर ब्ल्यू क्रेन या क्रौंच पक्ष्याच्या धडका ९२ टक्क्यांनी घटल्या, पण लुडविग बस्टर्ड या माळढोकाच्या भाऊबंदाच्या बाबतीत फरक पडला नाही. म्हणून माळढोकाच्या मुलखात ‘डायव्हर्टर लावू’ हे उत्तर पुरेसे मानू नये. तारांवर इन्सुलेशन चढवण्याचेही तसेच. त्याने खांबावर बसणारे गरुड, ससाणे शॉक लागून मरायचे वाचतात, पण धडक टळत नाही.

उरतात दोनच पर्याय: वाहिनीचा मार्ग बदलणे किंवा ती भूमिगत करणे. ३३ केव्हीला भूमिगत केबल खर्चिक असली तरी सरावातली गोष्ट आहे. ४०० केव्हीला ती खरोखर अवघड. मातीत उष्णता अडकते, अंतर वाढेल तशी केबलची क्षमता तिच्याच चार्जिंग करंटमध्ये (केबल स्वतः भारित ठेवायला लागणाऱ्या प्रवाहात) खर्ची पडते, आणि दर काही शे मीटरवरचा जोड ही बिघाडाची जागा ठरते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये माळढोकाच्या मुलखातल्या तारा भूमिगत करण्याचे व्यापक निर्देश दिले होते. मार्च २०२४ मध्ये ते बदलून तज्ज्ञ समिती नेमली. तांत्रिक अडचण खरी आहे, हे मान्य. पण तीच सांगते की उच्चदाब वाहिनीचा मार्ग प्रकल्पाची जागा ठरवण्याआधी आखायला हवा. जागा ठरून गेली की पर्यायच उरत नाहीत.

तारेखेरीजचे परिणाम पाहायला आपल्या साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर जावे. तिथल्या पवनचक्क्यांवरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट आढळले. चक्क्यांच्या भागात ते घटल्याने सारडा सुपर्बा हे सरडे वाढले, माणूस जवळ आला तरी लवकर पळेनासे झाले, आणि अंगाने रोडावले. म्हणजे पात्यावर आदळून मेलेले पक्षी मोजून भागत नाही.

सौरप्रकल्पात डोझरने सपाटीकरण केले की सेवणसारख्या बहुवर्षीय गवताचे बुंधे उखडले जातात आणि तिथे तण माजते. भरपाई म्हणून उरलेल्या माळावर झाडे लावणे तर आणखी वाईट. मोकळा माळच लागणाऱ्या पक्ष्याची उरलीसुरली जागाही त्याने जाते.

सौर आणि पवन प्रकल्पांना केंद्राच्या २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन (ईआयए) अधिसूचनेखालची पूर्वपरवानगी लागत नाही. त्यामुळे गावाने आणि वनखात्याने स्वतःहून मागायच्या गोष्टी अशा: वीण आणि हिवाळा या दोन्ही हंगामांतली पाहणी, वाहिनीच्या पूर्ण लांबीचा नकाशा, आणि सुरू झाल्यावर तारांखालच्या मृत पक्ष्यांची नियमित मोजणी. मोजणीआधी काही मृत कोंबड्या तारांखाली ठेवून त्या किती दिवसांत नाहीशा होतात ते तपासावे. कोल्ही-कुत्री दोन-तीन दिवसांत कलेवर नेत असतील आणि पाहणी महिन्यातून एकदा होत असेल, तर अहवालातला ‘शून्य मृत्यू’ स्वीकारू नये.