पगारी पाहुण्याला प्रश्न कोण विचारणार?

नमस्कार मंडळी. राजकारणातून बाहेर पडलेली माणसं वृत्तवाहिन्यांवर पगार घेऊन भाष्य करायला बसतात, तेव्हा नेमकं काय बिघडतं, याबद्दल आज बोलायचं आहे. सुरुवात एका मुलाखतीपासून करतो.

२४ मार्च २०२४, रविवार. अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीचा ‘मीट द प्रेस’ हा कार्यक्रम. समोर रोना मॅकडॅनियल, रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीच्या अध्यक्षपदावरून त्याच महिन्यात पायउतार झालेल्या. मुलाखत आधीच ठरलेली होती. पण दोनच दिवसांपूर्वी वाहिनीने जाहीर केलं होतं की, मॅकडॅनियल यापुढे आमच्या पगारी भाष्यकार असतील. त्यामुळे मुलाखतकार क्रिस्टन वेल्कर यांना सुरुवातीलाच प्रेक्षकांना सांगावं लागलं की, या नेमणुकीशी माझा काही संबंध नाही.

त्यांनी प्रश्न मात्र कडक विचारले. २०२० ची निवडणूक बायडन रीतसर जिंकले का? मॅकडॅनियल म्हणाल्या, हो, जिंकले. ६ जानेवारी २०२१ च्या अमेरिकी संसदेवरच्या हल्ल्यात हिंसा करणाऱ्यांना सोडू नये, असंही त्या म्हणाल्या. मग हे आधी का नाही बोललात? उत्तर आलं ते असं, की अध्यक्ष असताना पक्षासाठी काही गोष्टी सोसाव्या लागतात, आता मला जरा माझ्या मनासारखं बोलता येईल. हे उत्तर नीट ऐका. पद होतं तेव्हा पदासाठी बोलत होतो, हे त्या स्वतःच सांगत होत्या. मग पगार सुरू झाल्यावरचं बोलणं कुणासाठी? त्याच कार्यक्रमात काही मिनिटांनी ज्येष्ठ पत्रकार चक टॉड यांनी हाच मुद्दा काढला. त्या खरं बोलल्या की करार बिघडू नये म्हणून तसं बोलल्या, हे मला कळायला मार्ग नाही, असं ते आपल्याच वाहिनीवर, आपल्याच वरिष्ठांना उद्देशून म्हणाले. दोन दिवसांत वाहिनीने नेमणूक मागे घेतली.

टीकेचा बराचसा रोख मॅकडॅनियल यांच्यावर, त्यांच्या पक्षावर, २०२० च्या निवडणुकीच्या निकालावर शंका घेण्याच्या त्यांच्या भूमिकेवर होता. तो राग मला समजतो. पण माझी हरकत त्याच्याही आधीची आहे. पक्ष कुठलाही असो, आपल्याच पगारपत्रकावरच्या माणसाची उलटतपासणी कुठलीही वृत्तसंस्था मोकळेपणाने करू शकत नाही. वेल्कर यांनी केली, कारण तो पहिला दिवस होता. सहा महिन्यांनी, रोज एकाच मेकअप रूममध्ये भेटणाऱ्या सहकाऱ्याला ते प्रश्न कुणी विचारले असते?

आणखी एक गोष्ट. राजकारणी टीव्हीवर फुकट येतात. त्यांना यायचंच असतं. मग वाहिनी पैसे कशाचे मोजते? याचं उत्तर फॉक्स न्यूजच्या एका जुन्या उदाहरणात सापडतं. २०१० साली सारा पेलिन, न्यूट गिंग्रिच, माइक हकबी आणि रिक सँटोरम हे चौघेही रिपब्लिकन नेते फॉक्सचे पगारी भाष्यकार होते, आणि २०१२ च्या अध्यक्षपदासाठी चौघांचीही नावं चर्चेत होती. करारात अट अशी की, दुसऱ्या वृत्तवाहिनीवर जायचं नाही. म्हणजे ज्यांना देशाचं सर्वोच्च पद हवं असण्याची शक्यता होती, त्यांना प्रतिस्पर्धी वाहिनीच्या पत्रकाराने समोर बसवून प्रश्न विचारायची सोयच राहिली नाही. वाहिनीने माहिती विकत घेतली नव्हती, त्या नेत्यांची इतरत्रची गैरहजेरी विकत घेतली होती. मार्च २०११ मध्ये गिंग्रिच आणि सँटोरम यांचे करार फॉक्सने स्थगित केले, कारण ते उमेदवारीची चाचपणी करत होते. हकबींनी आपण उभे राहणार नसल्याची घोषणा मे महिन्यात केली, तीही फॉक्सवरच्या स्वतःच्या कार्यक्रमात. बातमी, बातमीतला माणूस आणि बातमी देणारी वाहिनी, सगळं एकाच छताखाली!

कोरी लेवांडोव्स्की यांचं प्रकरण तर याहून उघड होतं. जून २०१६ मध्ये ट्रम्प यांच्या प्रचारप्रमुखपदावरून त्यांना काढलं आणि काही दिवसांतच सीएनएनने त्यांना घेतलं. तेव्हाही प्रचारयंत्रणेकडून त्यांना पैसे मिळत होते. गोपनीयतेच्या करारावर त्यांची सही होती. अशा माणसाकडून प्रेक्षकाने काय विश्लेषण अपेक्षित धरायचं?

ब्रिटनमध्ये नियम आहे. बातम्यांच्या कार्यक्रमात राजकारण्याने वृत्तनिवेदक किंवा मुलाखतकार म्हणून काम करायचं नाही, अपवादात्मक संपादकीय कारण असेल तरच. पण राजकारण सोडलेल्यांना तो लागू होत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये माजी मंत्री एड बॉल्स यांनी आयटीव्हीच्या सकाळच्या कार्यक्रमात गृहमंत्री इव्हेट कूपर यांना प्रश्न विचारले. कूपर त्यांच्या पत्नी. हजारो प्रेक्षकांनी तक्रारी केल्या, आणि योग्यच केलं.

आता कुणी म्हणेल, अनुभवी माणसं नकोतच का? हवीत. विधेयक कसं अडतं, मतांची जुळवाजुळव कशी होते, बंद दाराआड कोण कुणाला काय सांगतं, हे आत राहून आलेल्यालाच माहीत असतं. काही जण पुढे मनापासून पत्रकारिताही करतात. जॉर्ज स्टेफनॉपोलस क्लिंटन यांच्या व्हाइट हाउसमधून एबीसीत आले आणि तिथले प्रमुख सूत्रसंचालक झाले. तरीही २०१५ मध्ये उघड झालं की, क्लिंटन फाउंडेशनला, म्हणजे क्लिंटन कुटुंबाच्या धर्मादाय संस्थेला, त्यांनी ७५ हजार डॉलर्स दिले होते आणि प्रेक्षकांना ते सांगितलं नव्हतं. त्यांनी माफी मागितली. व्हाइट हाउस सोडून तेव्हा जवळजवळ दोन दशकं उलटली होती.

म्हणून माझी मागणी अशी आहे. अनुभवी माणसाला बोलवा, पण पाहुणा म्हणून, पगाराशिवाय, आणि दुसरीकडे जायला तो मोकळा असू द्या. पगार द्यायचाच असेल, तर नावाखालच्या पट्टीवर ‘माजी खासदार’ एवढंच लिहून भागवू नका. या व्यक्तीला आमची वाहिनी पैसे देते, अमुक पक्षाकडून किंवा कंपनीकडून तिला आजही उत्पन्न आहे, हे दर वेळी पडद्यावर दिसलं पाहिजे. तिने पुन्हा निवडणूक लढवायचा विचार सुरू केला, तर करार त्याच दिवशी संपला पाहिजे, आणि तो संपल्याचं त्याच कार्यक्रमात सांगितलं पाहिजे. यासाठी नवा कायदा लागत नाही. संपादकाने आज ठरवलं, तर उद्याच्या बातमीपत्रापासून हे सुरू करता येईल.