गाऱ्हाणं कुणाकडे न्यायचं?

श्रोतेहो, सलाम. आज थोडं नवऱ्यांशी बोलायचं आहे. बायकांनी ऐकलं तर उत्तमच.

विश्वासघाताचा विषय निघाला की मंडळीत बायबलातला दावीद राजा आठवतो. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा 11 वा अध्याय. सैन्य राब्बाला वेढा घालून बसलंय आणि राजा यरुशलेमेत, संध्याकाळी पलंगावरून उठून गच्चीवर फेऱ्या मारतोय. बथशेबा दिसते. उपदेशात आपण त्या नजरेवरच थांबतो. मला पुढचं जास्त टोचतं. राजा चौकशी करतो, उत्तर येतं, ‘ती उरीया हित्तीची बायको.’ उरीया म्हणजे दाविदाच्या नावाजलेल्या 37 वीरांपैकी एक. नाव कानावर पडलं होतं, अजून काही बिघडलं नव्हतं. तरी तिला आणायला माणसं पाठवलीच.

आपल्याकडे गच्ची नसेल, मोबाईल आहे. पण मला विचाराल तर संसाराला तडा नजरेपेक्षा गाऱ्हाण्याने जास्त जातो. ‘घरी मला कोणी समजून घेत नाही,’ हे एकदा ऑफिसातल्या बाईंना सांगितलं, त्यांनी चार शब्द बरे बोलले, की रात्री जेवण झाल्यावर मेसेज त्यांनाच. मग बायको ताटं उचलायला आली की फोन पालथा. स्पर्शही झालेला नसतो, पण मन दुसरीकडे नांदायला लागलेलं असतं. यावर काही जण सांगतात, परस्त्रीशी एकट्याने बोलूच नका. त्याने काय होणार? बरोबर काम करणाऱ्या बायकांचा अपमान तेवढा होईल.

आपल्या रेव्हरंड टिळकांचं बघा. नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या, आपल्या माणसांत वेगळ्या राहिल्या. अशा वेळी धर्मांतर केलेल्याला लग्न मोडून घ्यायची सोय 1866 च्या कायद्यात होती. विश्वास न ठेवणारा जोडीदार वेगळा झाला तर बंधन नाही, असं पौलानेही करिंथकरांना लिहिलंय. म्हणजे सरकारही आड येणार नव्हतं आणि शास्त्रही. टिळकांनी दुसरा संसार मांडला नाही. स्वभावाने भारी तापट माणूस, लक्ष्मीबाईंनीच तसं लिहून ठेवलंय. पण बायकोची जागा त्यांनी दुसरीला दिली नाही. काही वर्षांनी त्या परत आल्या, त्याही आपलं सोवळं सांभाळत. ते टिळकांनी चालवून घेतलं. बाप्तिस्मा लक्ष्मीबाईंनी 1900 साली घेतला, तोही मनापासून पटल्यावर.

तेव्हा आज रात्री एवढं करा. जे बाहेर सांगत होतात ते बायकोला सांगा, पोरं झोपल्यावर, टीव्ही बंद करून. भांडण होईल कदाचित, होऊ द्या. अगदीच जमलं नाही, तर रविवारी उपासनेनंतर दोघं मिळून पाळकांकडे जा. एकटे जाऊ नका. नाहीतर तिथेही तुमचीच बाजू सांगून याल.