बाबासाहेबांचं ‘अँड’

मंडळी, शाळेत इंग्रजीच्या पेपरात हा प्रश्न आपण सगळ्यांनीच सोडवला आहे: ‘बट’ काढा, ‘ऑल्दो’ वापरून वाक्य पुन्हा लिहा, अर्थ बदलू देऊ नका. मार्क हमखास. पण ‘ऑल्दो’ घातलं की अर्थ बदलतोच, हे त्या पेपरात कुणी सांगत नाही! केवल, संयुक्त, मिश्र ही वाक्यप्रकारांची यादी आज मी म्हणत बसणार नाही. एकच उतारा घेऊ या.

25 नोव्हेंबर 1949. संविधान सभेत डॉ. आंबेडकर बोलताहेत. येत्या 26 जानेवारीला आपण विसंगतीच्या जीवनात पाऊल टाकणार आहोत, असं सांगून ते म्हणतात, ‘इन पॉलिटिक्स वुई विल हॅव इक्वालिटी अँड इन सोशल अँड इकॉनॉमिक लाइफ वुई विल हॅव इनइक्वालिटी.’ राजकारणात समता असेल आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता.

दोन भागांना जोडलंय कशाने? ‘अँड’ने. तुम्ही-आम्ही तिथे डोळे मिटून ‘बट’ लिहिलं असतं. ‘बट’ आला की पहिला भाग मागे सरतो आणि सगळा जोर दुसऱ्यावर पडतो. ‘ऑल्दो’ने तर एक भाग गौणच होतो. विसंगती दाखवायची तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी, सारख्याच खऱ्या राहायला हव्यात. ते काम ‘अँड’चं संयुक्त वाक्य करतं. त्यात दोन्हीकडे साचाही तोच: ‘इन’ अमुक, ‘वुई विल हॅव’ तमुक. याला पॅरललिझम म्हणतात. त्याच साच्यात विरुद्ध अर्थ बसवला की झाली अँटिथेसिस.

बडोद्यात बसून हे वाक्य वाचताना आणखी काही आठवतं. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब 1913 साली कोलंबियाला गेले आणि 1917 मध्ये इथे नोकरीला आले, तर अस्पृश्य म्हणून त्यांना या शहरात राहायला जागा मिळेना. दरबारात पद आणि गावात दार बंद. इथेही ‘पण’ घालून बघा, गाव जरा स्वस्तात सुटतं.

भाषणात पुढे बाबासाहेब लागोपाठ दोन प्रश्न विचारतात, दोन्हींची सुरुवात ‘हाउ लाँग शॅल वुई कंटिन्यू’. ही अ‍ॅनाफोरा, सभांमधून ती इतकी झिजलीय की आता नुसती टाळ्यांची जागा वाटते. इथे मात्र ती दोनदाच येते, आणि लगेच ‘इफ’चं मिश्र वाक्य: समता फार काळ नाकारली, तर राजकीय लोकशाहीच धोक्यात येईल. परिणाम अटीवर टांगलेला आहे, म्हणून तिथे मिश्र वाक्यच हवं.

जाता जाता नेहरूंचं 14 ऑगस्ट 1947 च्या रात्रीचं वाक्य: ‘अ‍ॅट द स्ट्रोक ऑफ द मिडनाइट अवर, व्हेन द वर्ल्ड स्लीप्स, इंडिया विल अवेक टु लाइफ अँड फ्रीडम.’ हे पीरिऑडिक वाक्य. मुख्य विधान शेवटपर्यंत राखून ठेवलेलं. मराठीत क्रियापद शेवटीच येतं, त्यामुळे ही उत्सुकता आपल्याला आयतीच मिळते. इंग्रजीत ती मुद्दाम रचावी लागते. घरी गेल्यावर ‘इंडिया विल अवेक’ पुढे आणून मोठ्याने वाचा. व्याकरण शुद्धच राहील, पण झोपलेलं जग शेवटी येऊन वाक्य ढेपाळेल.